दियाच्या पहिल्या दिवाळीचा साबण

साउथहॅम्प्टनमधल्या मराठी घरांत नीनाताईंना जेवायला बोलवायचं असलं की यजमानीण आदल्या दिवशीच फ्रीज आवरून ठेवते. कारण नीनाताई मदतीला म्हणून स्वयंपाकघरात शिरतात आणि पहिलं काम करतात ते दह्याच्या डब्याचं झाकण काढून वास घेण्याचं. मग डब्यावरची तारीख बघतात. तारखेवर त्यांचा विश्वास नसतोच, पण तीही बघून ठेवतात. त्यांना कुणी वाईट म्हणत नाही. संशयी म्हणतात, आणि तेही पाठीमागे, कारण तोंडावर म्हटलं तर तू असं का म्हणालीस याचाच तपास सुरू होतो.

स्वभाव मुळातलाच, पण त्याला पगार मिळाला तो इथे आल्यावर. उल्हासराव बंदरावर क्रेनच्या दुरुस्तीचे इंजिनियर. त्यांच्या मागोमाग नीनाताई साताऱ्याहून आल्या, काही वर्षं घरी बसून कंटाळल्या आणि क्रूझ टर्मिनलवर नोकरीला लागल्या. काम काय, तर प्रवाशांच्या बॅगा मशीनमधून सरकत जातात त्या पडद्यावर बघायच्या आणि शंका आली की बॅग बाजूला काढायची. म्हणजे देवानं माणूस आधी घडवला आणि मग त्याच्या मापाची नोकरी काढली, असाच प्रकार. फुलाफुलांचे शर्ट घालून, सुट्टीच्या आनंदात निघालेली म्हातारी जोडपी रांगेत यायची, आणि नीनाताईंनी नुसतं वर बघितलं की स्वतःचेच खिसे चाचपायला लागायची. निवृत्त होईपर्यंत त्यांनी लोकांच्या बॅगांतून सुऱ्या काढल्या, इस्त्र्या काढल्या, एकदा तर जिवंत कासव काढलं. ते कासव त्या अजून सांगतात.

घरातही त्यांच्या नाकानं एकदा मोठे उपकार केले. त्यांचा मुलगा वरद लहान असताना बॉयलरपाशी कसला तरी वास येतोय, असं त्या म्हणत राहिल्या. उल्हासरावांना वास येईना, शेजारणीला येईना. नीनाताईंनी हट्टानं गॅसवाल्याला बोलावलं. त्यानं बॉयलर उघडला, हळूच शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना आधी घराबाहेर काढलं. तेव्हापासून त्या घरात नीनाताईंच्या नाकावर अपील नाही.

अशा घरात ईशिता सून म्हणून आली. ती ब्रिस्टलची. जन्म तिथला, शाळा तिथली, मराठी मात्र जेवणाच्या टेबलावर कानांनी शिकलेली. दिया झाल्यावर, नवं घर मिळेपर्यंत म्हणून वरद आणि ती सासू-सासऱ्यांकडे राहायला आले. बाळंतपणाच्या रजेत ईशिताला साबण करायचा नाद लागला. स्वयंपाकघरामागच्या, वॉशिंग मशीन ठेवलेल्या खोलीत तिनं आपला पसारा मांडला आणि पोस्टानं पुड्या यायला लागल्या. गुलाबी पूड, जांभळी पूड, करडी पूड.

"हे काय गं?" नीनाताईंनी विचारलं.

"दगडांचा पावडर आहे, आई. हा रोझ क्वार्ट्झ, हा अ‍ॅमेथिस्ट. आणि हा नुसता क्ले. सगळ्यांना आता क्रिस्टल सोप पाहिजे."

नीनाताईंच्या मनात पाल चुकचुकली. दगड त्याही वापरायच्या माहेरी, पण ती वजरी, टाचेला घासायची. बाकीच्या अंगाला दगड फासून घेणारी माणसं त्यांनी पाहिली नव्हती. त्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या आणि बघत राहिल्या.

ईशिता कामाला लागली की ओळखू यायची नाही. डोळ्यांवर गॉगल, नाकावर मास्क, कोपरापर्यंत हातमोजे. कॉस्टिक सोडा ती चमच्याचमच्यानं पाण्यात सोडायची, कधीही पाणी सोड्यात नाही. तेलात ते पाणी मिसळून, ढवळून ढवळून मिश्रण पिठल्याइतकं दाट झालं की मग पूड बारीक चाळणीतून हळूच आत जायची. नीनाताईंनी हे सगळं पाहिलं आणि त्यातून एकच गोष्ट उचलली. ही बाई स्वतः एवढी झाकून घेते, आणि लोकांना मात्र तेच उघड्या अंगाला लावायला देते. कुठेतरी पाणी मुरतंय.

"मग मास्क कशाला लागतो?"

"पावडर उडते ना, ती लंग्जमध्ये गेली तर वाईट. साबणात बसली की उडत नाही. आणि एकदम बारीक पाहिजे, नाहीतर स्किनवर ओरखडे येतात."

"आणि हिरवा दगड नाही आणलास?"

"मॅलाकाइट? नाही, त्यात कॉपर असतं. सिनाबार तर अजिबातच नाही, त्यात मर्क्युरी. काही स्टोन पाण्यात विरघळतात, काही लायमध्ये, म्हणजे या सोड्याच्या पाण्यात, खराब होतात. आणि दुकानातले शोभेचे दगड आणून घरी कुटायचे नाहीत. स्किनसाठी तपासलेलाच पावडर घ्यायचा." ईशितानं मास्क खाली केला. "रूल सोपा आहे, आई. आत काय आहे ते माहीत नसेल तर घालायचं नाही."

"आणि विकायचं तर?"

"विकायला सेफ्टी अ‍ॅसेसरचा रिपोर्ट लागतो. माझा झालाय."

"तो अ‍ॅसेसर कोण? तुझ्या ओळखीचा?"

ईशितानं मास्क पुन्हा वर चढवला. मास्कचे असेही उपयोग असतात.

साबणाचं एक वेळ ठीक होतं. पण नीनाताईंचं नाक दियाच्या बाटलीपर्यंत पोचलं होतं. ईशितानं दूध भरलं की त्या बाटली तिच्या हातून घ्यायच्या, झाकण काढून हुंगायच्या आणि मगच नातीच्या तोंडाला लावायच्या. पहिल्यांदा ईशिता हसली. नंतर तिचं हसणं बंद झालं. एकदा म्हणाली, "आई, मी तिची आई आहे."

"मग मी कुठे नाही म्हणते?" नीनाताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बाटली परत हुंगलीच.

त्यांना दियापुढे दुसरं काही दिसत नव्हतं, हे मात्र खरं. साठी उलटल्यावर घरात आलेलं ते पोर. ते रांगत रांगत यायचं, त्यांच्या साडीचा काठ तोंडात घालायचं, आणि नीनाताई मान वळवून डोळे पुसायच्या. या पोरीला काही झालं तर आपण जगणार नाही, असं त्या उल्हासरावांना सरळ सांगत. ते म्हणत, "अगं, तिला काय होतंय?" आणि हा माणूस असा बेफिकीर आहे म्हणूनच आपल्याला लक्ष ठेवावं लागतं, असं नीनाताईंचं मत आणखी पक्कं व्हायचं.

सगळ्या घरात एकच जागा अशी होती, जिथे हे नाक सुट्टीवर असायचं. देवघर. तिथला शेंदूर लावलेला मारुती सासरकडून आलेला, बोटभर उंचीचा. दर शनिवारी नीनाताई तेलात शेंदूर कालवून त्याला लावायच्या आणि बोटाला उरलेल्या शेंदराचा टिळा दियाच्या कपाळी टेकवायच्या. शेंदूर गावच्या देवळाबाहेरच्या दुकानातला. दर खेपेला येताना कागदाची एक पुडी साडीच्या घडीत बसायची आणि विमानातून इथे यायची. पुडीवर नाव नाही, तारीख नाही, आत काय आहे याचा पत्ता नाही. लोकांच्या बॅगेतल्या शाम्पूच्या बाटल्यांवर जन्म घालवलेल्या बाईला स्वतःच्या बॅगेतली ही पुडी कधी दिसलीच नाही. देवाचं ते देवाचं.

गणपती झाले आणि ईशिता दिवाळीच्या साबणांच्या मागे लागली. साबण वाळायला काही आठवडे लागतात, म्हणून आत्तापासून. दिवाळीच्या रविवारी मराठी मंडळींचा कार्यक्रम होता, तिथे तिचं टेबल लागणार होतं. मोठ्या साच्यांत गुलाबी आणि जांभळे साबण भरून झाले. मग तिनं लहान साचा घेतला.

"हा दियाचा. फर्स्ट दिवाळीचा."

"त्यात काय घालणार?"

"काहीच नाही. बेबीच्या स्किनला ना कलर, ना वास."

नीनाताईंना हे पटेना. पोरीचं पहिलं अभ्यंगस्नान, आणि साबण असा पांढराफटक! दगडांची पूड लोकांच्या लेकरांना, आणि घरच्या लेकराला रंगाचा एक ठिपका नाही. त्या काही बोलणार, तेवढ्यात वर दिया रडायला लागली.

"आई, प्लीज, हे ढवळत राहाल? गॉगल घाला. लगेच येते."

नीनाताई गॉगल आणि हातमोजे घालून ढवळत राहिल्या. वर रडणं थांबेना. मिश्रण दाट होत आलं, आता पडला रंग तर बसेल, हे एव्हाना त्यांनाही कळत होतं. त्यांनी चमचा ठेवला, देवघरात गेल्या, करंड्यातला शेंदूर चिमटीत घेऊन आल्या. मारुतीच्या अंगावर चालतो तो नातीच्या अंगावर चालणार नाही? उलट पोरीचं रक्षणच होईल. भुरभुरला, ढवळला. काय रंग आला! उगवतीसारखा. थोडा आणखी आणून घातला.

ईशिता दियाला कडेवर घेऊन आली आणि दारातच थांबली. "आई! काय घातलं?" मग तिथूनच मान पुढे करून बघितलं आणि तिचा चेहरा सैल झाला. "हळद? लायमध्ये हळद अशी लालसर होते, मी वाचलंय. पुढच्या वेळी मला विचारा हं, प्लीज. पण हळद ठीक आहे."

नीनाताई खोटं बोलल्या नाहीत. त्यांनी तोंडच उघडलं नाही. शेंदूर म्हटलं असतं तर ईशितानं लगेच विचारलं असतं, त्यात काय असतं? आणि देवाच्या वस्तूबद्दल कालच्या पोरीनं असं विचारलेलं त्यांना सहन झालं नसतं. साच्यात रंग भरला गेला, साचा फळीवर गेला आणि नीनाताईंचा संशय पुन्हा आपल्या जागी, गुलाबी आणि जांभळ्या वड्यांकडे वळला.

पुढचे आठवडे त्या वड्यांवर पहारा होता. रोज एक वडी हुंगायची. वास नाही, हेच संशयास्पद. ईशिताच्या मनगटावर जरा लाली दिसली तर ती दगडांची. उल्हासरावांना दोनदा शिंक आली, तीही दगडांची. "अहो, ही पूड घरभर उडतेय," त्या म्हणायच्या. उल्हासराव म्हणायचे, "धूळ आहे गं, मी पडदे उतरवतोय." घर जुनं, त्यांनी पुढच्या खोलीतल्या खिडक्यांचा रंग काढायचं ठरवलं होतं. जुन्या रंगात शिसं असतं म्हणून वरदनं त्यांना आधी तपासायचं किट आणून दिलं होतं. छोटी बाटली, त्यातला थेंब रंगावर टाकायचा. शिसं असलं की जागा काळी पडते. उल्हासरावांच्या खिडकीची जागा काळी पडली, त्यांनी निमूट माणूस बोलावला आणि बाटली खिडकीतच राहिली.

नीनाताईंनी ती बाटली हेरून ठेवली होती.

दिवाळीचा रविवार उजाडला. नरकचतुर्दशी कधी का असेना, सगळे घरी असतात म्हणून अभ्यंगस्नान रविवारी सकाळी ठरलेलं. वरद टेबलं लावायला हॉलवर गेला. उल्हासराव आंघोळ करून, नवा झब्बा घालून पेपर वाचत बसले. वर ईशिता दियाला तेल लावत होती. तिच्या गाण्याचा आवाज खाली येत होता, निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी. दुपारी हे साबण चार घरांत जाणार, आणि लोक ते नीनाताईंच्या घरचे म्हणून घेणार. आता नाही तर कधी? नीनाताई बाटली घेऊन साबणाच्या खोलीत शिरल्या आणि दार लोटलं.

आधी गुलाबी. कडेवर थेंब टाकला आणि वाकून बसल्या. काही नाही. मग जांभळा. काही नाही. मग पुड्यांतली पूड बशीत काढून तिच्यावर. थेंब पडला, पूड ओली झाली, बस्स. त्यांना चक्क वाईट वाटलं. मोठी बॅग बाजूला काढावी आणि आत नुसते मोजे निघावेत, तसं झालं. फळीवर दियाच्या साबणाचा कापलेला तुकडा पडला होता. वडी वर गेली होती. निदान चांगलं कसं दिसतं ते तरी बघू, मनाला बरं वाटेल, म्हणून त्यांनी एक थेंब त्याच्यावर टाकला.

शेंदरी साबणावर काळा डाग उमटला.

नीनाताईंनी आधी किटवर संशय घेतला. बाटली उलटसुलट केली, तारीख बघितली. मग साच्यावर घेतला. मग ईशितावर. हिनंच मागाहून काहीतरी मिसळलं असणार. हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना स्वतःलाच पुरता करता आला नाही. मग त्या देवघरात गेल्या. करंडा उघडला. चिमूटभर शेंदूर बशीत काढला आणि त्यावर थेंब टाकला. बघताबघता तो काळा झाला.

वर नळाचा आवाज थांबला. टब भरला होता.

गुडघे दुखतात म्हणून नीनाताई जिना नेहमी कठडा धरून, एकेक पायरी चढतात. त्या दिवशी त्या कशा चढल्या, त्यांनाच ठाऊक. बाथरूमचं दार उघडं होतं. तेलानं चकाकणारी दिया टॉवेलवर पाय झाडत होती आणि ईशितानं वडी नुकतीच पाण्यात बुडवून हातात घेतली होती.

"लावू नकोस. तो साबण लावू नकोस."

"का? काय झालं?"

"त्यात हळद नाहीये."

"मग काय आहे?"

"शेंदूर. आपल्या मारुतीचा."

"त्यात काय असतं?"

तोच प्रश्न. एवढे आठवडे चुकवलेला.

"शिसं. मी आत्ता बघितलं. काळं झालं."

ईशितानं वडी बाजूला ठेवली, बेसिनकडे वळून कितीतरी वेळ हात धुतले आणि दियाला टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी घेतलं. मग तिनं सासूच्या बोटांकडे पाहिलं.

"आई, शनिवारी तुम्ही तिला टिळा लावता. तो कशाचा असतो?"

नीनाताईंना आठवलं. टिळा लावला की दिया हात कपाळाकडे न्यायची, चोळायची आणि तीच मूठ तोंडात घालायची. किती गोड दिसते, म्हणून त्यांनी त्याचा फोटो काढून साताऱ्याला पाठवला होता. त्या तिथेच जमिनीवर बसल्या. "माझ्या हातानं," एवढंच म्हणाल्या.

दियाचं रक्त तपासलं. शिसं थोडं होतं, पण चालेल त्यापेक्षा जास्त. डॉक्टर शांतपणे म्हणाले, लवकर कळलं ते बरं झालं, जे काही आहे ते बंद करा, काही आठवड्यांनी पुन्हा बघू. पुन्हा बघितलं तेव्हा ते खाली आलं होतं. मधले दिवस नीनाताईंनी कसे काढले ते उल्हासरावांनी पाहिलं. त्या जेवायला बसायच्या आणि ताटाकडे बघत राहायच्या. गावची पुडी, करंडा आणि साबण पिशवीत बांधून उल्हासराव कौन्सिलच्या विषारी कचऱ्याच्या केंद्रावर देऊन आले. मारुतीला साबणानं चोळून चोळून धुतलं. आता तो नुसता दगड दिसतो, काळसर, आणि शनिवारी त्याला चंदन लागतं. ईशिताचे गुलाबी-जांभळे साबण त्या रविवारी कुणी विकलेच नाहीत. पुढच्या महिन्यात तिनं नेले तेव्हा सगळे संपले, आणि ते विकले गेल्याचं नीनाताईंना वरदकडून कळलं.

या गोष्टीवरून घरात परत कुणी काही बोललं नाही. वरद नाही, ईशिता तर नाहीच. ती पहिल्यासारखीच "आई, चहा घेणार?" विचारते, आणि नीनाताई घेतात, कप न हुंगता.

परवा दियासाठी मऊ भात केला होता. तूप, मीठ, जरासं मेतकूट. नीनाताईंनी तो बोटांनी कुस्करला, वाटी घेतली आणि खुर्चीत बसवलेल्या दियासमोर गेल्या. ईशिता शेजारी उभी होती. तिनं हात पुढे केला. नीनाताईंनी वाटी दिली. ईशितानं ती नाकाशी नेली, वास घेतला, मग चमच्यानं मेतकूट उकरून बघितलं.

"यात काय काय आहे?"

नीनाताईंनी सांगितलं. तांदूळ, तूप, मीठ, मेतकूट. मेतकुटात डाळी, गहू, मेथ्या. कुठून आणलं तेही सांगितलं. सांगून झाल्यावर त्या दोन्ही हात समोर धरून उभ्या राहिल्या. टर्मिनलवर बॅग बाजूला काढलेली माणसं त्यांच्यासमोर अशीच उभी राहायची.

ईशितानं पुन्हा एकदा वास घेतला आणि वाटी परत दिली.

"भरवा," ती म्हणाली.